जवाईबापूंची रात्रीची बुडी

हेमंत सरांनी अंदमानच्या समुद्रात, भर अंधारात पाण्याखाली जाऊन जे फोटो काढले होते, त्यांतला एकच काय तो ओळखू येण्यासारखा होता, आणि तो बुडी शिकवणाऱ्या माणसाच्या रबरी पायाचा होता. बाकीचे सगळे काळे. काळ्यातही फरक आहे, असं सरांचं म्हणणं. एका काळ्यात डाव्या कोपऱ्यात कासव होतं, दुसऱ्यात ते नुकतंच निघून गेलं होतं. पांढुर्ण्यातल्या त्यांच्या गल्लीतली जी मंडळी हे फोटो पाहायला आली, त्यांनी चहा-चिवडा झाल्यावर एवढंच विचारलं, की इतक्या दूर जायचंच होतं तर दिवसा का नाही गेलात.

शेजारचे श्रीधरराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. कोणताही कागद ते लांब धरून, मान मागे घेऊन पाहत. त्यांनी पायाचा फोटो तसाच पाहिला आणि म्हणाले, "हा चांगला आला. कोनता मासा हाये?"

"पाय आहे तो," हेमंत सर म्हणाले.

"हो का. पन रंग चांगला आला."

सर शाळेत जीवशास्त्र शिकवत. आपल्या विषयात आपला अपमान झाला, हे त्यांच्या मनात बसलं. त्यातच गावातल्या एका मंडळाने 'आपला नवा जिल्हा' अशी फोटो स्पर्धा जाहीर केली. जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती, त्यामुळे कोणत्याही कार्यक्रमाला 'नवा जिल्हा' हे नाव अजून शोभत होतं. सगळे संत्र्याचे फोटो पाठवणार हे उघड होतं. कोणी संत्र्याचं झाड पाठवेल, कोणी संत्र्याचा ढीग, आणि फारच कल्पक असला तर हातात संत्रं धरलेलं पोर. सरांनी ठरवलं, की आपण या जिल्ह्यात आजवर कोणी पाहिलं नाही ते दाखवायचं. रात्री पाण्याखाली मासे कसे झोपतात ते.

आता पाणी कुठे. एप्रिलात जाम नदीत बुडी मारायची तर आधी खड्डा खणावा लागतो. तेव्हा त्यांना रामाकोन्याची, सासऱ्यांच्या वावरातली विहीर आठवली. दगडी बांधणीची, आतून पायऱ्यांची, ऐन उन्हाळ्यातही दोन पुरुष खोल पाणी राखणारी. लग्नाला बावीस वर्षं होऊनही सासरेबुवा यशवंतराव आणि हेमंत सर यांच्यात "या, बसा" आणि "बरं, निघतो" यापलीकडे फारसं बोलणं झालं नव्हतं. दोघेही शांत. अशा माणसाकडे एकदम विहीर कशी मागायची, म्हणून सरांनी आधी सगळी तयारी करून मग बोलायचं ठरवलं. बायकोला, अमिताला, त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की कुठेतरी फोटो काढायला जायचं आहे. नेमकी चूक इथे झाली.

तयारी म्हणजे श्रीधररावांचा सल्ला. पाठीवरच्या हवेच्या टाकीसाठी त्यांनी आधी दवाखान्यातलं ऑक्सिजनचं सिलिंडर सुचवलं, मग वेल्डिंगवाल्याकडचं, आणि शेवटी सोड्याच्या दुकानातलं. सरांनी तिन्ही नाकारून श्वास रोखून बुडी मारायचं ठरवलं. लहानपणापासून ते विहिरीत पोहत आलेले होते, श्वास चांगला टिकत होता. यावर श्रीधरराव म्हणाले, "ते तुमी पाहा. पन ठान्यात लेखी दिल्याबिगर रात्री विहिरीत उतरू नका. कोनी पाह्यलं अन् खबर देल्ली तं तुमी तं खाली राहान, निस्तरावं सासऱ्याले लागन."

हे सरांना पटलं. अर्ज श्रीधररावांनीच सांगितला आणि सरांनी लिहिला. पांढुर्णा मध्य प्रदेशात, म्हणून अर्ज हिंदीत असावा लागतो आणि सरांची हिंदी कामापुरती. 'प्रार्थी रात के समय अपने ससुर के कुएँ में उतरना चाहता है,' इथवर ठीक होतं. पुढे सासऱ्यांवर काही येऊ नये म्हणून श्रीधररावांनी अनुभवाने एक वाक्य घालायला लावलं, 'इसमें किसी का कोई दोष नहीं रहेगा।' खाली विहिरीच्या मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर.

ठाण्यातल्या हवालदारांनी अर्ज दोनदा वाचला. मग सरांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि फार गोड आवाजात विचारलं, "सर, उतरायची परवानगी मागून राहिले. निघायची नाई मागितली?"

"निघायला कशाला परवानगी?" सर म्हणाले.

हवालदारांनी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. पंखा सरांच्या दिशेने वळवला, घरी कोण कोण असतं ते विचारलं, आणि चहा पाजून "वरिष्ठांना विचारून सांगतो" म्हणाले. सरकारी कचेरीत आपल्याशी इतकं कोणी कधी प्रेमाने वागलं नव्हतं. सर खुशीत शाळेत गेले आणि नियमाप्रमाणे फोन बंद करून माशांच्या कल्ल्यांवर तास घेतला.

संध्याकाळी घरी आले तर दारात चपलांचा ढीग. आत यशवंतराव, सासूबाई कलाबाई, मेहुणा भूपेंद्र, आणि कोपऱ्यात श्रीधरराव. सगळे एकदम उभे राहिले. कलाबाईंनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडायलाच तयार होईनात.

"जवाईबापू, वाळून गेले जी तुमी," त्या म्हणाल्या. सरांचं वजन अंदमानहून आल्यापासून वाढलेलं होतं.

ठाण्यातून रामाकोन्याला फोन गेला होता, हे कळायला सरांना थोडा वेळ लागला. भूपेंद्रच्या मोबाइलवर अर्जाचा फोटो होता. तो हातोहात फिरत श्रीधररावांकडे आला. त्यांनी तो लांब धरून, मान मागे घेऊन, जणू पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा वाचला.

"मजकूर जरा गंभीर हाये," ते म्हणाले.

सरांनी सगळं समजावून सांगितलं. मासे, रात्र, स्पर्धा, कॅमेरा. कॅमेरा आणूनही दाखवला. मंडळी मान डोलावत होती. "हो हो, फोटो," असं कलाबाई म्हणाल्या, पण तापात बरळणाऱ्या माणसाला म्हणतात तशा. विश्वास बसला तो एकट्या अमिताचा, कारण घरातला पायाचा फोटो तिने पाहिला होता. आणि विश्वास बसल्यामुळे ती रागावली.

"माह्याच बापाची विहीर," ती स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "अन् ठान्याले माहीत, मले माहीत नाई. दुपारपासून मी कोठी कोठी फोन केले, तुमाले मालूम हाये?"

सरांनी कांदा चिरायला घेतला, आणि डोळे पुसताना कलाबाईंनी त्यांना दारातून पाहिलं. मग तर जवाईबापू जिवाला कंटाळलेत याबद्दल कोणाला शंकाच राहिली नाही.

जेवणं झाल्यावर यशवंतराव सरांना गच्चीवर घेऊन गेले. तिथून रेल्वेफाटकाकडचे दिवे दिसत होते.

"शाळेत काई तरास?" यशवंतरावांनी विचारलं.

"नाही मामाजी."

"अमिता काई बोलते?"

"ती सगळ्यांनाच बोलते."

"ते खरं हाये," यशवंतराव म्हणाले. "मंग पान्यात कायले?"

सरांनी सांगायचा प्रयत्न केला. माशाला पापणी नसते, तो उघड्या डोळ्यांनीच झोपतो, हे दरवर्षी वर्गात शिकवतो पण कधी पाहिलं नाही. आणि रात्री पाण्याखाली गेलं की फार शांत असतं. अंदमानला फोटो काळे आले तरी ती शांतता खरी होती. हे सांगताना त्यांच्या लक्षात आलं, की मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून आपण इतकं सलग कोणाशी बोललोच नव्हतो.

यशवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. "झोपत असन," ते म्हणाले. "आपन कधी पाह्यलं नाई." आणि खाली जाऊन त्यांनी कलाबाईंना सांगितलं, की जवाईबापूंना सुट्ट्या लागल्या की आपल्याकडे न्यायचं. काय करायचं ते डोळ्यांसमोर करू द्यायचं.

असे हेमंत सर रामाकोन्याला पोचले. पाहुणचार उत्तम होता. फक्त ते कुठेही एकटे राहत नव्हते. आंघोळीला गेले तर भूपेंद्र मोरीच्या दाराशी गुणगुणत उभा. वावराकडे निघाले तर पलीकडच्या वावरातले हिरामण सहज चालल्यासारखे बरोबर. दुपारी डोळे मिटून पडले तर कलाबाई नाकापुढे हात नेऊन बघून जात. असल्या प्रेमात माणसाने रागवायचं तरी कोणावर.

खरी अडचण वेगळीच निघाली. पाणी नितळ व्हायचं तर मोटर काही रात्री बंद ठेवायला हवी. आणि वावराची विजेची लाइन यायची रात्रीचीच. आंबिया बहाराची संत्री झाडावर लिंबाएवढी झालेली, ऊन असं की पानं दुपारी मिटून घेत. अशा दिवसांत रात्रीची पाळी सोडणं म्हणजे काय, ते जीवशास्त्राच्या माणसालाही कळत होतं. पण यशवंतराव तोंडातून अवाक्षर न काढता रोज संध्याकाळी स्टार्टरपर्यंत जायचे, डब्याला हात लावायचे आणि परत यायचे.

"बाबा, फळं गळून राहिले," भूपेंद्र अंगणात म्हणाल्याचं सरांनी ऐकलं.

"गळू दे. जवाईबापूचं होऊन जाऊ दे."

सर बाहेर आले आणि म्हणाले, "मामाजी, मोटर चालू करा. मला फोटो नको."

"नाई नाई. तुमचा फोटो झाला पाह्यजे."

"नको, खरंच. झाडं आधी."

"झाडं काई पळून जात नाई."

असं दोघांनी एकमेकांना बराच वेळ आग्रह केला. त्यात आणखी एक रात्र गेली आणि काही फळं.

शेवटी ती संध्याकाळ आली. दिवेलागणीनंतर सर विहिरीपाशी गेले तेव्हा त्यांना वाटलं होतं तीन-चार माणसं असतील. अर्धं रामाकोना तिथे होतं. प्रत्येकाच्या हातात बॅटरी, आणि प्रत्येक बॅटरीचा उजेड सरांवर. सर अर्ध्या चड्डीत, पायांत बदकाचे पंजे, डोळ्यांवर काचेचा चष्मा, नाक त्यात कोंबलेलं. लग्नात ज्या माणसांनी त्यांना फेटा बांधलेला पाहिला होता, तीच माणसं आता हे पाहत होती. बायकांनी मर्यादेने तोंडं फिरवली, आणि फिरवलेल्या तोंडांतून हसू ऐकू येत राहिलं.

कलाबाई पुढे आल्या. विहिरीच्या काठाला हळदकुंकू वाहिलं, सरांच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि उरलेलं बोट कॅमेऱ्याला. नेमकं काचेला.

कमरेला दोर बांधला होता. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे वर ओढा, असं सरांनी तीनदा समजावलं. दोर भूपेंद्र, हिरामण आणि आणखी दोघांनी धरला होता. चौघांनीही पाय रोवून तो हाताला दोनदा गुंडाळून घेतला होता.

सर पहिल्यांदा खाली गेले. कपारीपाशी काहीतरी हललं. ते जरा वळले, दोर जरा ताणला, आणि चार माणसांनी त्यांना बादलीसारखं वर घेतलं.

"ठीक आहे म्हणून ताणला तो," सर धापा टाकत म्हणाले.

"मले दोन वाटले," भूपेंद्र म्हणाला.

दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा तर सरांनी दोराला हातही लावला नव्हता. हिरामणांना डास चावला होता. सर वर आले ते उलटे, पंजे आधी. काठावरून कोणीतरी "निघाले, निघाले" म्हणालं आणि टाळ्या वाजल्या.

तेव्हा अमिता पुढे आली. इतके दिवस ती सरांशी कामापुरतंच बोलत होती. तिने पदर खोचला आणि भूपेंद्रच्या हातून दोर घेतला. "जा तुमी," ती सरांना म्हणाली. "मी हाये."

तिने दोर दोन बोटांत धरला, फोडणीत टाकायला मोहरी धरावी तसा. आणि सर चौथ्यांदा खाली गेले.

या वेळी कोणी ओढलं नाही. कानांत आपलाच ठोका तेवढा होता. पाणी हिरवट, गार, आणि काठावरचा गलका कुठेतरी राहून गेलेला. हातातल्या बॅटरीच्या उजेडात दगडांच्या सांध्यांतून झिंग्यांचे डोळे ठिणगीएवढे चमकले. आणि एका कपारीत, पोट दगडाला टेकवून, एक मरळ होती. कल्ले हळू उघडत होते, हळू मिटत होते. डोळे उघडे, पण बघणं नव्हतं त्यांत. सर अगदी जवळ गेले तरी ती हलली नाही. इतकी वर्षं वर्गात जे सांगितलं, ते त्यांच्यासमोर झोपलेलं होतं.

श्वास संपत आला की वर यायचं, पुन्हा जायचं, असं त्यांनी पाच-सात वेळा केलं आणि दर वेळी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. मग काठावरच्या लोकांना राहवलं नाही, त्यांनी सगळ्या बॅटऱ्यांचा उजेड पाण्यात मारला. मरळ जागी झाली आणि शेपटीने गाळ उडवून गेली.

काठावर बसून यशवंतरावांच्या मांडीजवळ फोटो पाहणं झालं. सगळे फोटो लालसर होते. कुंकवाच्या काचेतून विहीर पाहिली की तशीच दिसणार. दोन फोटो सरांच्या गुडघ्याचे. एकात गाळ, बर्फ पडल्यासारखा. मरळीच्या जागी एक लांबट डाग, जो सरांना मरळ दिसत होता आणि बाकीच्यांना सावली. सरांनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि कॅमेरा बंद करायला हात नेला. इतक्या लोकांसमोर, इतकी फळं गाळून, पुन्हा एकदा पायच.

तेवढ्यात यशवंतरावांनी त्यांचा हात धरला. "थांबा. मांगचा दाखवा."

मागचा फोटो मोटरच्या पाइपाचा होता. चुकून आलेला, आणि म्हणूनच स्पष्ट. पाइपाच्या खालच्या टोकाच्या जाळीवर एक खेकडा बसला होता, दोन्ही नांग्या पुढे करून, राखण करावी तसा.

"हा माह्या विहिरीत राह्यते?" यशवंतरावांनी विचारलं.

"हो मामाजी. आताही असेल तिथेच."

यशवंतराव उठले. अंगातली बंडी काढून त्यांनी घडी केली आणि कलाबाईंच्या हातात दिली. "मले पाहू द्या," ते म्हणाले.

कलाबाई म्हणाल्या, "वय पाहा जी आपलं. जवाईबापूचं एक निस्तरलं नाई, तं आता तुमचं."

"विहीर माही हाये. इतके वर्स पानी काढलं, आत काय हाये ते पाह्यलं नाई."

ते पायऱ्यांनी कमरेइतक्या पाण्यात उतरले. सरांनी त्यांना चष्मा लावला. मिशांमुळे आत पाणी शिरत होतं, मग मिशा बोटाने वर दाबून लावला. तोंडात श्वासाची नळी दिली. लहानपणी याच विहिरीत उड्या मारलेला माणूस, पाण्यावर पालथा पडायला त्याला शिकवावं लागलं नाही. सरांनी एका हाताने बॅटरी खाली धरली, दुसऱ्या हाताचं मनगट यशवंतरावांनी धरलं होतं. यशवंतरावांच्या कमरेचा दोर वर अमिताच्या बोटांत.

बराच वेळ काही झालं नाही. नळीतून श्वासाचा आवाज येत होता. मग मनगटावरची पकड एकदम घट्ट झाली. यशवंतरावांनी पाण्यातच बोट करून दाखवलं, आधी पाइपाकडे, मग कपारीकडे. मरळ परत आली होती. बोट तसंच राहिलं आणि पकड हळूहळू सैल झाली. काठावरून कलाबाईंनी दोनदा हाक मारली. अमिता म्हणाली, "राहू दे ना आई, दोर ठीक हाये."

यशवंतराव वर आले तेव्हा चष्म्याचा गोल वळ चेहऱ्यावर उमटला होता. ते पायरीवर बसले, पाणी निथळू दिलं.

"झोपते जी," ते हिरामणांना म्हणाले. "खरंच झोपते." मग सरांकडे वळून, "त्यायले डोये मिटताच येत नाई म्हनता?"

"नाही. पापणीच नसते."

यशवंतरावांनी वर पाहिलं. विहिरीच्या काठाभोवती गोल उभं असलेलं अर्धं गाव, आणि सगळ्यांच्या बॅटऱ्यांचा उजेड पाण्यात. "मंग बंद करा ना ते सारे लाइट," ते म्हणाले. त्या घरात त्यांचा इतका चढा आवाज कोणी ऐकला नव्हता. बॅटऱ्या पटापट विझल्या आणि लोक अंधारात चाचपडत घरी गेले.

परतताना बांधावर अमिता सरांच्या बरोबर चालली. ओला दोर गुंडाळून तिने खांद्यावर टाकला होता. "पुढच्या वेळी मले आधी सांगान," ती म्हणाली. सर हो म्हणाले. पुढची वेळ आहे, हे तिच्याच तोंडून आलं होतं, म्हणून त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

स्पर्धेला सरांनी मरळीचाच फोटो पाठवला. आठवड्याने मंडळातून फोन आला. "सर, तुमचा फोटो अंधारा येऊन राहिला. त्यात लाल लाल डाग हाये."

"रात्रीचा आहे तो."

"मंग दिवसाचा पाठवा ना. संत्र्याचा असला तरी चालन."

बक्षीस संत्र्याच्या ढिगाला गेलं. श्रीधररावांनी सांत्वन म्हणून मंडळाविरुद्ध अर्ज लिहून द्यायची तयारी दाखवली, पण सर नको म्हणाले. खेकड्याचा फोटो मात्र रामाकोन्यात बऱ्याच मोबाइलवर गेला. यशवंतराव आता सरांना अधूनमधून फोन करतात, फारसं बोलत नाहीत. "आज पान्याजवळ बसलो होतो," असं सांगतात, आणि ठेवतात.

मोटर बुडीच्या दुसऱ्याच रात्री चालू झाली. झाडांना पाणी हवंच होतं. लाइन आली, भूपेंद्र स्टार्टरपाशी गेला, तर यशवंतराव म्हणाले, "थांब जरा." त्यांनी काठावरचा एक दगड उचलला आणि लोखंडी पाइपावर हळूच दोनदा ठोकला. थोडं थांबले, पुन्हा एकदा ठोकला.

"हे काय बाबा?" भूपेंद्रने विचारलं.

"सांगून देतो त्यायले," यशवंतराव म्हणाले. त्यांनी पाण्याकडे कान देऊन थोडा वेळ घेतला, दगड जागेवर ठेवला आणि मग म्हणाले, "हं. आता कर चालू."